रेडियमचं घड्याळ आणि भाच्याचा प्रश्न

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, ते ट्रिटियमवालं घड्याळ घेऊ का? तीस-पस्तीस हजार जातील. लोक म्हणतात उजेड जबरदस्त असतो. पण बारा वर्षांत अर्धा होतो म्हणे. मग पैसे पाण्यात का?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्याला वाटलं असेल मामा टाळतोय. पण खरं सांगायचं तर या एका प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. घरातली बरीच मंडळी हे पान वाचतात, त्यामुळे परत परत फोनवर सांगायला नको.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे अंधारात जे जे चमकतं ते सगळं 'रेडियम'. सायकलच्या मडगार्डावरचा लाल तुकडा रेडियम, रिक्षाच्या मागचं 'आईचा आशीर्वाद' रेडियम, छताला चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या चांदण्याही रेडियम. गावोगावी 'रेडियम आर्ट' अशी दुकानं आहेत. यातल्या एकाही वस्तूत रेडियम नसतं. रिक्षावरची पट्टी नुसती समोरून आलेला प्रकाश परत फेकते, आणि चांदण्या दिवसा प्रकाश पिऊन रात्री थोडा थोडा ओकतात. बस्स.

खऱ्या रेडियमची घड्याळं मात्र होती, आणि त्यांची गोष्ट चांगली नाही. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं. पुढच्या वीसेक वर्षांत ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या तबकड्या रंगवू लागले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात पोरीबाळी हे काम करायच्या. आकडे बारीक, म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, रंगवायचं, पुन्हा ओठांत. कोणी त्यांना सांगितलंच नाही की हे विष आहे. जबड्याची हाडं झिजली, रक्त गेलं, अनेक जणी मेल्या. त्यांच्यातल्या पाच जणींनी खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. 'रेडियम गर्ल्स' म्हणून त्या आज ओळखल्या जातात. कारखान्यात रंगाला हात लावताना कामगारांना जपायला हवं, हे जगाला शिकवण्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. म्हणजे पणजोबांच्या वेळचं असं घड्याळ आज अंधारात अजिबात चमकत नसलं, तरी त्यातलं रेडियम जवळजवळ जसंच्या तसं आहे. किरणांच्या माऱ्याने मेला तो झिंक सल्फाइड, रेडियम नाही. जुन्या बाजारात असं काही दिसलं तर हौसेने उघडून बघू नका, एवढं सांगून पुढे जातो.

आता ट्रिटियम. हा हायड्रोजनचाच भाऊ, वजनाने तिप्पट. १९३४ मध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी तो तयार करून दाखवला. याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. तो फुटतो तेव्हा एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण इतका अशक्त की हवेत सहा-सात मिलिमीटरच्या पुढे जात नाही, आणि आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही त्याला ओलांडता येत नाही. १९६० नंतर घड्याळवाल्यांनी रेडियम सोडून ट्रिटियमचा रंग वापरायला सुरुवात केली. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकडीवर तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना रोमन 'टी' दिसतो ना, तो ट्रिटियमचा. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा नवा रंग आणला, ज्यात किरणोत्सार नाहीच, नुसता प्रकाश साठवून ठेवायचा. मग बहुतेक कंपन्या तिकडे वळल्या. आजच्या महागड्या घड्याळांत जे 'सुपर-ल्युमिनोव्हा' असतं ते हेच.

पण काही जणांनी ट्रिटियम सोडलं नाही. त्यांनी ते रंगातून काढून काचेच्या नळीत भरलं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ नीडरवांगेनला 'एमबी-मायक्रोटेक' नावाची कंपनी हे काम करते. काचेची केसासारखी बारीक नळी, आतून फॉस्फरचा लेप, आत ट्रिटियम वायू, आणि दोन्ही टोकं लेझरने वितळवून बंद. अशा चौदा-पंधरा नळ्या तबकडीवर आणि काट्यांवर बसवल्या की झालं घड्याळ. दिवा नाही, बटण नाही, उन्हात ठेवायची गरज नाही. बॅटरी संपली तरी काटे थांबतील, पण उजेड चालूच!

भाच्याच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. उजेड जबरदस्त असतो का?

नाही.

दुकानात हे घड्याळ हातात घेतलंत तर तुमची निराशाच होईल. ट्यूबलाइटखाली नळ्या फिकट पांढुरक्या दिसतात. विक्रेता दोन्ही हातांची ओंजळ करून आत बघायला सांगतो, तेव्हा कुठे थोडं हिरवं काहीतरी दिसतं. त्याच वेळी शेजारचं सुपर-ल्युमिनोव्हावालं घड्याळ टॉर्च मारून दाखवलं की कंदिलासारखं पेटतं. पहिल्या दहा मिनिटांच्या स्पर्धेत ट्रिटियम हरतं, सपशेल हरतं.

पण ती स्पर्धाच चुकीची आहे. साठवलेला उजेड उधळ्या माणसासारखा असतो. पगाराच्या दिवशी दणक्यात, पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त खर्च, आणि पहाटेपर्यंत खिसा चाचपत बसायचं. ट्रिटियम पेन्शनरासारखं. रोज तेवढंच, दर मिनिटाला तेवढंच. रात्री अकराला जेवढं तेवढंच पहाटे चारला. आणि आपला डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो. मध्यरात्री जाग आलेल्या माणसाचा डोळा आधीच सरावलेला असतो, त्याला एवढासा उजेड भरपूर होतो. (त्यातही हिरव्या नळ्या घ्याव्यात. अंधारात डोळा हिरव्या-निळसर भागातच सगळ्यात तीक्ष्ण असतो. नारिंगी आणि लाल फोटोत छान दिसतात, रात्री नाही.)

दुसरा मुद्दा अर्ध्याचा. बारा वर्षांत अर्धा, पंचवीस वर्षांत पाव. हे गणित खरं आहे, त्यातून सुटका नाही. पण उजेड अर्धा झाला म्हणजे डोळ्याला अर्धा वाटतो असं नाही. हे समजून घ्यायला मला एक सोपी युक्ती सापडली. गच्चीवर जा आणि सप्तर्षी बघा. अंगिरस हा त्यातला सगळ्यात तेजस्वी, ते नवं घड्याळ समजा. पुलस्त्याचा उजेड त्याच्या साधारण निम्मा आहे, ते अकरा-बारा वर्षांचं घड्याळ. आणि चौकोनाच्या कोपऱ्यातला, शेपटी जिथे जोडली आहे तिथला अत्री, तो पावपट, म्हणजे पंचवीस वर्षांचं. आता सांगा, अंगिरस आणि पुलस्त्य यांच्यात निम्म्याचा फरक आहे हे कधी जाणवलं होतं? मला तरी नाही. अत्री मात्र मंद आहे हे कळतं, शहराच्या आकाशात तर तो शोधावा लागतो. ट्रिटियमचं आयुष्य मी असं मोजतो. पहिली बारा वर्षं काही कळत नाही, पंचविसाव्या वर्षी शोधावं लागतं.

तिसरा मुद्दा पैशाचा. इथे थोडी गंमत आहे. ज्या घड्याळांवर 'टी २५' लिहितात त्यांत जास्तीत जास्त २५ मिलिक्युरी ट्रिटियम असतं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ९२ कोटी अणू फुटतात! ऐकायला केवढं वाटतं. पण वजनात मोजलं तर ते होतं अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. ट्रिटियम ही जगातल्या महागड्या वस्तूंपैकी एक, एका ग्रॅमला ३० हजार डॉलर हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्या भावाने हिशोब केला तर अख्ख्या घड्याळातला वायू भरतो सहा-सात रुपयांचा. एका कटिंग चहाचेही पैसे नाहीत. तीस हजार जातात ते नळी बनवण्याच्या कारागिरीला, घड्याळाला, आणि नावाला.

विकायला गेलात तर काय मिळेल? माझा अनुभव सांगतो. माझं घड्याळ मी २०१० मध्ये घेतलं. कंपनीच्या कामाने सहा महिने बर्नला होतो (तेव्हाच्या 'बर्फ आणि भाकरी' लेखांची जुन्या वाचकांना आठवण असेल), परत येताना तिथल्या एका दुकानात घेतलं. तीनशे फ्रँक, तेव्हाचे तेरा-चौदा हजार रुपये. हे बनवणारे लोक तिथून हाकेच्या अंतरावर आहेत हे मला कित्येक वर्षांनी कळलं. मागच्या वर्षी बॅटरी बदलायला गेलो असताना सहज विचारलं, याचे किती येतील? दुकानदाराने हाताची ओंजळ करून बघितलं. "साहेब, नळ्या उतरल्यात. दीड हजार देतो. तुम्ही म्हणून."

यात चिडण्यासारखं काही नाही. बाजार बरोबरच सांगतोय. पण याच बाजाराची दुसरी तऱ्हा बघा. साठ-सत्तर सालच्या ओमेगा-रोलेक्सच्या तबकडीवरचा ट्रिटियमचा रंग पार मेलेला असतो, पिवळट मलईसारखा झालेला असतो, आणि त्या पिवळेपणालाच हौशी लोक जास्त पैसे मोजतात! कोणी बिचाऱ्याने नवा रंग लावून घेतला तर किंमत पडते. काही कंपन्या तर नवीन घड्याळातच मुद्दाम तो जुनाट पिवळा रंग लावतात. म्हणजे रंगातलं मेलेलं ट्रिटियम 'वारसा', आणि नळीतलं अजून जिवंत असलेलं ट्रिटियम 'उतरलेला माल'. मला हा न्याय पटत नाही. ज्या वस्तूचं काम संपलं तिची किंमत वाढते, आणि जी अजून इमानाने काम करतेय तिची घटते. घड्याळ बघायचं असतं की कपाटात ठेवून भाव वाढायची वाट बघायची असते?

तर इथपर्यंत माझं पहिलं उत्तर तयार होतं. बाळा, गुंतवणूक म्हणून घेऊ नकोस. आणि तू म्हणतोस तसं ट्रेकसाठी तर मुळीच नको. रात्रीच्या ट्रेकला तुझ्या डोक्यावर हेडलॅम्प असतो. तो मनगटावर मारला की साधं सुपर-ल्युमिनोव्हा अर्धा-पाऊण तास लख्ख. राजगडाच्या चढावर किती वाजले हे बघायला तुला किरणोत्सारी वायू लागत नाही. तीन-चार हजारांचं चांगलं घड्याळ घे, उरलेल्या पैशात बूट घे.

आता दुसरं उत्तर. ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

बाबांना माझं हे घड्याळ कधीच आवडलं नाही. त्यांचं किल्लीचं एचएमटी जनता, रोज सकाळी सातला किल्ली द्यायची, चाळीस वर्षं नेम चुकला नाही. माझं बघून म्हणाले होते, "काजवे कशाला बांधून आणलेस हातात?" त्यानंतर घरात त्याचं नावच 'काजव्याचं घड्याळ' पडलं.

२०१३ च्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. दिवसा बाई होत्या, ताई होती, आम्ही होतो. रात्र बाबांनी घेतली. आम्ही वाद घातला, ऐकलं नाही. अडचण अशी की खोलीतला दिवा लावला की आईची झोप मोडायची, आणि एकदा मोडली की पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. मोबाइलचा उजेडसुद्धा तिला टोचायचा. गजर लावायची तर सोयच नव्हती. एचएमटी अंधारात मुकं. चौथ्या की पाचव्या दिवशी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "तुझं ते काजव्यांचं दे जरा."

त्यानंतर ते घड्याळ मला परत मिळालं नाही. बाबा खुर्चीत बसून पेंगायचे. जाग आली की मनगट बघायचे. अकरा, एक, तीन, पाच. सकाळी वहीत लिहायचे, तारीख, वेळ, डावी, उजवी. मी एकदा रात्री पाण्याला उठलो तर खोलीत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात हिरव्या टिंबांचं एक एवढंसं कडं हळूच वर आलं, थांबलं, आणि परत खाली गेलं. मग आईला वळवतानाचा पलंगाचा आवाज. तेवढंच. मी दारातूनच मागे फिरलो.

आठ महिने हे चाललं. आईच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. मार्च २०१४ मध्ये ती गेली. ती वही ताईकडे आहे. बाबांनी घड्याळ पुढेही काढलं नाही, पाच वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा ते त्यांच्या उशाशी होतं.

मी बाबांच्या रात्री काही वाटून घेतल्या नाहीत हे मला आजही टोचतं. घड्याळ दिलं, एवढंच. म्हणूनच मला वाटतं की या घड्याळाची बाजू मांडताना मी निःपक्षपाती नसेन. पण माझं मत असं बनलंय की ट्रिटियमची किंमत उजेडाच्या आकड्यात शोधली तर सापडत नाही. हे अशा माणसासाठी बनवलेलं आहे ज्याला अंधारात जागं राहायचंय आणि दुसऱ्या कोणाची झोप मोडायची नाही. तसं काम तुमच्याकडे नसेल तर हे महागडं खेळणं आहे, आणि असेल तर याला पर्याय मला तरी माहीत नाही.

२०२५ मध्ये त्या नळ्यांना पंधरा वर्षं पूर्ण झाली. हिशोबाने उजेड उरला ४३ टक्के. नळ्या बदलून देणारे लोक आहेत, पण मी बदलणार नाही. उगाच हळवेपणा म्हणून नव्हे. काल रात्री तीनला मुद्दाम उठून बघितलं. चष्म्याशिवायसुद्धा वेळ नीट कळली. मग कशाला?

आता भाच्याला खास. सूनबाईंना सातवा महिना आहे ना? मग तुला ट्रेकचं घड्याळ नको, तुला काही महिने रात्रीचं घड्याळ लागणार आहे. मध्यरात्री दूध कधी दिलं होतं, ताप कधी बघितला होता, हे दिवा न लावता कळायला हवं असेल तर आजोबांचं घेऊन जा. विकत काही आणू नकोस.

ताईचा फोन येणार हे मला माहीत आहे. "बाळाजवळ ते रेडियम नको हं!" ताई, एक, ते रेडियम नाही. दोन, नळी शाबूत आहे तोवर आतला इलेक्ट्रॉन काचेबाहेर येऊच शकत नाही. तीन, समजा एखादी नळी फुटलीच, तर खिडक्या उघडायच्या, थोडा वेळ सगळ्यांनी बाहेर जायचं, तेवढासा वायू हवेत पांगून जातो. तरीही घड्याळ बापाच्या मनगटावरच राहू दे, बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. कुठलंच घड्याळ जाऊ देऊ नये म्हणा. :)

आणि काम झालं की परत आण रे. माझेही गुडघे आता रात्री उठवतात.